निळ्या दोऱ्याची बाटली

प्रिय विसरभोळे,

तुझं चार पानांचं पत्र पोचलं. टाइप केलेलं, वर तारीख, बाजूला समास. आजीला अक्षर ओळखता येत नाही, हे जन्मापासून माहीत असलेली मुलगी दीड वर्षात ते विसरली, कमालच म्हणायची! तुझ्या आईने वाचून दाखवलं. हेही तीच लिहितेय. बोलते तस्संच उतरव, तुझं शहाणपण मध्ये घालू नकोस, असं बजावलंय. मघाशी एक शब्द तिने गाळला. पेन थांबलं की मला ऐकू येतं.

पत्रात तुझी ती द्राक्षमळेवाली म्हातारी अकरा वेळा आली. मी दोनदा, त्यातही एकदा गुडघ्यांच्या चौकशीपुरती. तिला तू आजी म्हणतेस. म्हण बापडी. पण ‘वास कसा घ्यायचा ते या आजींनी शिकवलं’ ही ओळ तुझी आई भरभर वाचून पुढे सटकत होती, ती मी पुन्हा वाचायला लावली. मग चहाच्या गोदामात पेटीवर बसून, डोळे मिटून, कुठली पत्ती कुठल्या पेटीतली हे सांगणारी पाच वर्षांची पोर शेजाऱ्यांची होती वाटतं? चाळीस वर्षं मी तिथे चहाच्या पत्तींचा मेळ घातला. एकीचा रंग, दुसरीचा कस, तिसरीचा वास. सही मालकाची, नाक माझं.

बरं, गेलीस कुठे, तर नकाशावर बोट ठेवलं की अख्खा झाकला जाईल अशा देशात. तुझ्या वडिलांनी इथल्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “तिथे वाइन होते?” मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! पण तू लिहितेस, कुणी ढुंकून बघितलं नाही म्हणूनच तिथल्या जुन्या वेली राहिल्या. एक काळं द्राक्ष नुसतं आंबट, एक नुसतं सुवासिक, एक इतकं तुरट की जीभ वळत नाही. तिघांचा मेळ बसला की तुझी पहिली तांबडी वाइन तयार. हे ऐकून माझ्या पोटात दुखलं. असं काम मला या वयातही जमलं असतं.

तीन छोट्या बाटल्या पाठवल्यास, गळ्यात पिवळा, पांढरा, निळा दोरा. गोदामात वाचता येत नाही म्हणून मी पेट्यांना असेच रंगीत दोरे बांधायची, त्याची आठवण ठेवलीस, तेवढ्याचं कौतुक. पिवळीत तिन्ही द्राक्षं सारखी, पांढरी तुझ्या पसंतीची, निळी म्हातारीच्या, तुरट द्राक्ष जास्त घातलेली. ‘आजी, तू सांगशील तीच बाटल्यांत भरणार,’ असं लिहिलंस. मी फोनवर सांगून टाकलं, पांढरी भर, निळीला ओल्या पोत्याचा वास येतो, ओतून दे. तू म्हणालीस, “बरं, आजी.” इतकं निमूट तू माझं लहानपणीही कधी ऐकलं नाहीस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

आता ऐक, हा खटाटोप कशासाठी. चाखणारा माणूस घोट गिळत नाही, थुंकतो, चहा असो की वाइन. पिवळी थुंकले. पांढरीही थुंकले. निळी थुंकवलीच नाही गं. एक घोट, मग दुसरा, मग बाटली उलटी करून तळहातावरचा थेंबसुद्धा. त्या तुरट द्राक्षाने बाकीच्या दोघांना दंडाला धरून ताठ उभं केलंय. म्हातारीचं नाक पक्कं आहे. चाळीस वर्षांत चवीबाबत मी मालकाशीसुद्धा खोटं बोलले नाही, आणि बोलले ते तुझ्याशी, न बघितलेल्या बाईवर जळून. तुझ्या आईने रिकामी बाटली पाहिली होती, तेव्हा नुसती विसळून फळीवर ठेवली. आत्ता मात्र खाली मान घालून हसतेय. शुक्रवारी भरणार ना? निळी भर. फोनवर तू हसली असतीस आणि मीही थट्टेवारी नेलं असतं, म्हणून लिहून घेतलं. तुझी आई या कागदांचा फोटो लगेच पाठवतेय. म्हातारीला यातलं काही सांगू नकोस. नको, सांगच.

तुझीच,
पहिली आजी

ता. क. म्हातारीने वाळवलेली अंजिरं असतील तर शेरभर पाठव. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय, तेव्हा पुडक्यावर तुझ्या आईचं नाव घाल. लिहितेय ती, पण खाणार मी.