ढिल्या खुंटीचा बास

३ फेब्रुवारी १९९१, रविवार

आज नाक्यावर पुन्हा बास उघडायला लावला! बास (चार जाड तारांची गिटार) माझा नाही, आमच्या बँडमधल्या हरकीरतचा. सरावाला म्हणून दोन दिवस घरी आणला होता, तो परत द्यायला निघालो होतो. ताईने जुन्या रजईची खोळ शिवून दिलीय. लांबून ते बंदुकीसारखंच दिसतं, त्यात त्या जवानाची काय चूक!

"इसमें क्या है?"

"गिटार है जी."

खोळ काढली. त्याने तारा मोजल्या. "गिटार में छह होते हैं. बाकी दो कहाँ बेच खाए?" मागचे दोघं हसले. मीही हसलो. मग त्याने बोटाने एक तार छेडली. करंट नसला की बास म्हणजे डास. जवान अगदी हिरमुसला. म्हणाला, "बस? इतना ही?"

येताना किन्नू (इथली संत्री) घेतले. आंबट निघाले. इथली माणसं त्यावरही मीठ टाकतात.

५ फेब्रुवारी

काम नाही. सगळा हिवाळा असाच गेला. मुंड्यांचा हुकूम — लग्नात गाणं नको, नाच नको, वरात मोजकी. (इथे बंदूकवाल्या अतिरेक्यांना सगळे नुसतं 'मुंडे' म्हणतात. मुंडे म्हणजे पोरं. जणू शेजारची पोरं चेंडू मागायला येणार आहेत!) आमचा बँड लग्नांवर जगणारा. नरेश कीबोर्डवर, हरकीरत बासवर, मी गिटारवर. नरेश आता मेव्हण्याच्या दुकानात पंखे विकतोय. फेब्रुवारीत पंखे!

मला वेळच वेळ. मग डोक्यात आलं — ज्याला त्याला विचारायचं, तुझा आवडता बास कुठला आणि का. मिरजेत आमच्या शेजारी सतारी बनायच्या. तिथे असलं बोलणं तासन्तास चालायचं, म्हणून तर माझं बी.कॉम. राहिलं.

आज चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत गेलो. फौजेच्या बँडात बास वाजवणारे हवालदार माधवराव जगदाळे साताऱ्याचे. त्यांचा बास सरकारी, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. म्हणाले, "लेह म्हणू नको, जैसलमेर म्हणू नको, ह्याची दांडी वाकली नाही बघ. माणसं वाकली." आवडायचं कारण एवढंच. वर म्हणाले, "चांगला बास बैलासारखा. त्याच्याकडं लक्ष जायला नको, पण गाडी त्यानंच वढायची."

नरेशला विचारलं. "मुझे वो बास पसंद है जो कम बजे!"

हरकीरतचा मात्र विचित्र. धड कलकत्त्याचं, दांडी कुठल्या तरी जपानी बासची, पडदे झिजलेले. आणि जाड तारेची खुंटी ढिली. वाजवता वाजवता तार उतरते, मधेच अंगठ्याने कसून घ्यावी लागते. मी म्हणालो, पाजी, खुंटी बदलून टाका की. विलायतेतला, साउथहॉलचा मामा नवाकोरा बास पाठवायला तयार आहे, तोही ह्याला नको.

"ओए मराठे, नया बास बजाते-बजाते मैं सो जाऊँगा. ये सोने नहीं देता. हर गाने में पूछता है — है ना तू? जाग रहा है ना?"

८ फेब्रुवारी

हरकीरतच्या बहिणीचं, जसलीनचं लग्न सतरा तारखेला. गुरुद्वाऱ्यात, साधंच. त्याची काळजी नाही. भांडण चाललंय ते आदल्या दिवशीच्या संगीतावरून.

तरनतारनहून तिचे मामाजी आलेत. त्यांच्या गावात एका लग्नात स्पीकर लावला होता, नवऱ्या मुलाच्या काकाला अंगणातच गोळी घातली. ते सांगताना मामाजी चहात बिस्कीट बुडवत होते. ते विरघळून तळाला गेलं तरी बुडवतच होते.

आणि परवा हरकीरतकडेच फोन आला. नाव नाही, गाव नाही. "सुना है बाजेवाला घर है. वाजा वजया, ते अगली अरदास मुंडे दी." म्हणजे वाजवलंत, तर पुढची प्रार्थना, मेल्यावरची, मुलाच्या नावाची. मुलगा म्हणजे हरकीरत. घरात दुसरा आहेच कोण!

बीजी, त्यांची आई, म्हणाल्या, नको रे बाबा, काही नको.

जसलीन मात्र ऐकेना. बँकेत नोकरी करते, एरवी शांत मुलगी. भावाला वीरजी म्हणते. म्हणाली, "वीरजीचा सराव माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे चालतो. लहानपणापासून. गाणं कुठलं ते मला कधी कळलं नाही, भिंतीतून नुसता बास यायचा. त्यावर मी झोपले, त्यावर परीक्षा दिल्या. आता टोरांटोला जाणार. तिथल्या भिंतीतून काय येणार, बर्फ?"

कुणी हसलं नाही.

हरकीरत म्हणाला, "वज्जेगा." वाजणार म्हणजे वाजणार.

९ फेब्रुवारी

ताई म्हणते, "लग्न त्यांचं, मरण तुझं! मिरजेचं तिकीट काढू का?"

नको म्हणालो.

११ फेब्रुवारी

ठरलं ते असं: दुपारी. अंधार पडल्यावर इथे कुणी हलत नाही. दारं-खिडक्या बंद, त्यांवर रजया टांगायच्या. ढोलकीला शाल गुंडाळायची. गाणाऱ्यांनी ओठांतल्या ओठांत गायचं. नरेश एका बोटाने वाजवणार (एरवीही त्याची दोनच चालतात). बासचा ॲम्प्लिफायर गादीवर पालथा.

जेवताना भाऊजींना सांगितलं. कृष्णकांत भाऊजी सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत यंत्रं बनवतात, कमी बोलतात. घास तसाच हातात धरून म्हणाले, "रजयांनी बायकांचा आवाज अडेल. ढोलकीही अडेल थोडीफार. तुझा बास नाही अडणार."

"का?"

"खालचा स्वर. लाट लांब असते. भिंत तिला भिंत वाटतच नाही. बाहेर उभ्या माणसाला गाणं ऐकू येणार नाही, नुसता बास येईल."

म्हणजे ज्या गुणासाठी जसलीनला तो हवा, तोच गुण घात करणार!

ताईने आमटी वाढली. खारट झाली होती, तरी सगळ्यांनी संपवली.

१३ फेब्रुवारी

हरकीरतला सांगितलं. म्हटलं, बिनकरंटाचाच वाजवू.

"गूँगे की बहन की शादी है क्या?" मग जरा वेळ दाढी कुरवाळत बसला. "चल, टेस्ट करते हैं. तू बजा, मैं बाहर जाकर सुनता हूँ. वैसे भी संगीत में तू ही बजाएगा."

मी? त्याच्या बहिणीच्या संगीतात मी?

"बजाने वाला अपना बास कभी सामने से नहीं सुनता, यार. पंद्रह साल हो गए. एक बार तो सुनूँ मेरा वाला कैसा है."

रजया टांगल्या. मी वाजवत राहिलो. तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला — मेडिकल स्टोअर आहे तिथवर. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा पगडी नीट करत होता.

"कक्ख नहीं सुणदा!" काही म्हणजे काही ऐकू येत नाही!

बीजींनी हात जोडले. जसलीन उठून आत गेली, बहुतेक रडायला.

घरी येऊन भाऊजींना म्हणालो, तुमची लाट हरली. ते म्हणाले, "शक्य नाही. तू स्वतः बाहेर उभा राहून ऐकलंस?"

अहो, मी वाजवत होतो ना!

त्यांनी चष्मा पुसला. ह्या शिकलेल्या लोकांना हरलेलं आवडत नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

झालं. लिहितो.

तीन वाजता सुरू केलं. खोलीत पंधरा-वीस बाया, नऊ-दहा रजया. श्वास घ्यायला जागा नाही. ढोलकी शालीतून वाजत होती, आजारी माणूस खोकावा तशी. बीजी गुणगुणत होत्या, बाया टाळ्यांऐवजी नुसते तळवे टेकवत होत्या. नाच बसल्या बसल्या — खांदे आणि मनगटं फक्त. हसू दाबून दाबून एकीला उचकी लागली. जसलीन भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे मिटून.

हरकीरत नव्हता! सुरू करायच्या आधीच बाहेर गेला. फाटकाजवळ खुर्ची टाकली, पेपर घेतला. ठरलेली खूण अशी: फाटकाची कडी दोनदा वाजली तर थांबा, एकदा वाजली तर चालू द्या.

तिसरं गाणं. मध्यावर मोटरसायकल आली. आली आणि थांबली. इंजिन चालूच.

मी तारांवर तळवा ठेवला. ढोलकी गप्प. सगळ्या बाया पुतळ्यासारख्या. उचकीवालीने पदर तोंडात कोंबला. मामाजी दारामागे उभे राहिले, हातात काय तर लाटणं! बीजींचे ओठ हलत होते, आवाज नाही. मी एकाएकी बुटांचा विचार करायला लागलो — बूट दाराबाहेर काढलेत, पळायचं तर अनवाणी, ताई काय म्हणेल.

इंजिन चालूच.

मग कडी. एकदा. दुसऱ्यांदा वाजते का म्हणून सगळे कान लावून बसलो.

नाही वाजली.

जसलीन डोळे न उघडता म्हणाली, "वजाओ."

वाजवलं. कसं वाजवलं ते विचारू नये. बोटं माझी नव्हती. मोटरसायकल केव्हा गेली तेही कळलं नाही. पुढची दोन गाणी झाली, मग लाडू.

१७ फेब्रुवारी

लग्न झालं. कडाह प्रसाद, म्हणजे गुरुद्वाऱ्यातला शिरा, तीनदा घेतला. मुलीला निरोप देताना हरकीरत लहान पोरासारखा रडला. मी जवळ गेलो नाही. मला राग आलाय त्याचा.

पंधरा वर्षं ऐकायचा होता म्हणे! आणि ऐन वेळी बाहेर पेपर वाचत बसला. आत काही ऐकायला आला नाही, बाहेर तर काही ऐकू येत नाही. बहिणीचं संगीत, आपला बास, आणि हा मात्र कोरडा. माझं वाजवणं ऐकायची लाज वाटली असेल. नरेश म्हणतो, "छोड़ ना यार, भाई लोग ऐसे ही होते हैं." असतील.

मिरजेला जावं असं वाटतंय. किंवा गोव्याला. गोव्यात बासवाले पुष्कळ असतील.

२० फेब्रुवारी

निरोप घ्यायला गेलो. हरकीरत बास मांडीवर घेऊन बसला होता. मी काही बोलायच्या आधीच —

"तीसरे गाने में मोटी तार उतर गई थी तेरी. कसी क्यों नहीं? वो दोनों मोटरसाइकिल वाले मेरे सामने खड़े, पूछ रहे हैं अंदर क्या बज रहा है. मैंने कहा, पानी की मोटर है जी, खराब है. और तू बंद! ओए, मोटर ऐसे बीच में डरकर बंद होती है? इसलिए कुंडी मारी. तूने फिर शुरू किया, तो तार आधा सुर नीचे! वो मुझे घूर रहे हैं, और मैं मन में कह रहा हूँ — कस, मराठे, कस!"

हसायला लागला. खुंटी पिळायला गेला. बोटं धरेनात, दोनदा निसटली.

मी त्याच्या हातातून बास घेतला आणि तार कसली.

आणि त्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरून येऊन म्हणाला होता, कक्ख नहीं सुणदा.