काचेबाहेरून शिकवलेले काळ

९ नोव्हें., रविवार
मातेओ आज पुन्हा तेच. "आय लिव्ह इन बहरीन सिन्स टू इयर्स." अर्जेंटिनाचा गडी, क्लबात पॅडेलचा, म्हणजे काचेच्या भिंतींतल्या टेनिसचा, कोच. अरब, मल्याळी, गुजराती, सगळ्यांच्या हातात रॅकेट देतो, पण इंग्रजीतला वर्तमानकाळ सोडून उंबऱ्याबाहेर पडत नाही. दोष त्याचा नाही. त्यांच्या स्पॅनिशमध्ये तसंच म्हणतात म्हणे. आपल्यातही तसंच: दोन वर्षं इथे राहतो. मला स्पॅनिश ओ की ठो येत नाही, तरी त्याची चूक ऐकताक्षणी ओळखते. कोल्हापुरात कॉलेजला होते तेव्हा ती माझीच होती.

मी शिकवते त्या इन्स्टिट्यूटच्या पुस्तकात यावर उपाय म्हणून एक रेघ आहे. रेघेवर बाण, बाणावर फुली. मातेओ तिच्याकडे स्वतःच्या एक्स-रेकडे बघावं तसा बघतो. आदराने, आणि काही न कळता.

१२ नोव्हें., बुध
सुचलं. वर्ग क्लबवरच घेतला. कोर्टात चपला चालत नाहीत, बूट हवेत. म्हणून तो काचेच्या आत, मी बाहेर.

विचारलं, चेंडूचा दुसरा टप्पा पडला की? "खलास, प्रोफे." (हे मला 'प्रोफे' म्हणतं. शाळेत कोणी इतक्या प्रेमाने 'टीचर' म्हटलं नव्हतं.) बरं, मग तो साधा भूतकाळ. वेंट, सॉ, एट. पॉइंट गेला, विषय संपला. आणि एक टप्पा पडून मागच्या काचेवर आपटून परत आला तर? "इज अलाइव्ह!" मग तेच रे बाबा. टप्पा मागे पडला, पण खेळ चालू आहे. हॅव लिव्ड. हॅव सीन. हॅव इटन.

गडी थांबला. चेंडू काचेवर मारला, परत येताना बघत राहिला आणि म्हणाला, "आय हॅव लिव्ड इन बहरीन फॉर टू इयर्स." मग असा काही हाणला की शेजारच्या कोर्टातले खेळायचे थांबले.

कालच्या वाऱ्याने काचेवर धूळ बसली होती. बोटाने दोन्ही वाक्यं लिहिली, उलट्या अक्षरात, म्हणजे त्याला आतून सरळ दिसावीत. छान जमलं. मॅ. (इन्स्टि.च्या मॅनेजरबाई, दिल्लीच्या) क्लबशी कराराचं बोलायला आल्या होत्या. लांबून मोबाइलवर शूटिंग करत होत्या. म्हटलं, कौतुक.

१६ नोव्हें., रवि
कौतुक नव्हतं. मातेओचा वर्ग आजपासून टोबीकडे. क्लबला 'नेटिव्ह' हवा. मॅ. म्हणाल्या, "मॅम, आपकी इंग्लिश तो मुझसे भी अच्छी है. लेकिन ब्रँडिंग का मामला है." म्हणजे माझं इंग्रजी यांच्याहून चांगलं, आणि ते चालणार नाही हे ठरवणार या. ईसा टाउनच्या शाळेत मी शिकवलेली पोरं आज इथल्या बँकांत गोऱ्यांची इंग्रजी पत्रं सुधारून देतात, ते मात्र ब्रँडिंगला चालतं.

टोबी बरा आहे तसा. लाजरा. इंग्लंडात भूगोल शिकलेला. त्याला इंग्रजी येतं तसा मला श्वास घेता येतो. म्हणून मला कोणी छातीचा डॉक्टर करत नाही.

नवरोबा सलमाबादच्या गोडाऊनमधून आले, ऐकून घेतलं, म्हणाले, "सोडून दे. डोक्याला ताप." हा माणूस फुटक्या खोक्यावरून फोर्कलिफ्टवाल्याशी अख्खी दुपार भांडतो.

१८ नोव्हें., मंगळ
मनू बारावीत. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. आज स्वतःहून खोलीत आली, मोबाइल पुढे धरला. "आई, इझंट धिस युअर थिंग?"

रील. कोर्टात टोबी, पांढरे बूट. दुसरा टप्पा म्हणजे भूतकाळ, काचेवरून परत आलेला चेंडू म्हणजे... सगळं. शब्द न् शब्द. खाली 'आमची खास पद्धत'. चेंडू मारायला मातेओ, हसरा. आणि टोबीच्या डोक्यामागे काचेवर, धुळीत, माझं अक्षर. आतून सरळ वाचता येतंय. चोरांनी घर नेलं आणि दारावरची पाटीसुद्धा काढली नाही.

मनू म्हणाली, "लेट इट गो, ना. नोबडी नोज." तेच तर. नोबडी नोज.

खाली कोणीतरी लिहिलंय, शाळेत असा शिक्षक असता तर. होता बाई. तो काचेबाहेर उभा होता.

मॅ.चा राग आहेच. मातेओचा जास्त. त्याचे दोन मेसेज. उत्तर दिलं नाही. माझ्या घरी थालीपीठ खाल्लेला माणूस.

२० नोव्हें., गुरु
संध्याकाळी मातेओ घरी. बूट दाराबाहेर काढले, आपल्यासारखे. म्हणाला, मॅ.नी त्याला सांगितलं होतं, रीलचं प्रोफेला माहीत आहे. म्हटलं, मला विचारायचंस. म्हणाला, "येस." बस. सबब नाही, हात जोडणं नाही. अशा माणसावर रागावायचं तरी कसं, म्हणून आणखी राग. त्याचा करार पुढच्या महिन्यात संपतो. क्लबने वाढवला नाही तर व्हिसाही गेला. हे त्याने आपणहून नाही, मी विचारलं तेव्हा सांगितलं.

जाताना म्हणाला, आता मॅ.नी रीलचा दुसरा भाग जाहीर केलाय, उरलेले काळ. टोबी त्यालाच विचारतोय की 'हॅड गॉन'साठी चेंडू कुठे मारायचा. "आय सेड, ओन्ली प्रोफे नोज."

तासाभरात मॅ.चा फोन. "मॅम, यू आर फॅमिली." फॅमिली म्हणाल्या की फुकट. रविवारी शूटिंग. मी बाहेर बसायचं, मधे मधे टोबीला सांगायचं. मी म्हटलं, येते. पण कोर्टात उभी राहीन, कॅमेऱ्यासमोर, माझ्या नावासकट.

"देखते हैं. इंशाल्ला."

इथे राहिलेल्या कोणालाही विचारा, या स्वरातल्या इंशाल्लाचा अर्थ काय. मफी. म्हणजे नाही.

२२ नोव्हें., शनि
बूट घेतले. मनू बरोबर आली. दुकानातल्या मुलीने तिच्याकडे बघून माप विचारलं. मनू म्हणाली, "नॉट मी. शी इज प्लेइंग टुमारो." मला रॅकेट धरता येत नाही. दुरुस्त केलं नाही.

घरी नवरोबांनी लेस ओवून दिली, तीही चुकीची. 'सोडून दे' म्हणाले नाहीत. म्हणाले, गाडीने मी नेतो.

२३ नोव्हें., रवि
क्लबच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून.

काच आज धुतलीय. लख्ख. शिकतात म्हणजे. बाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी पाण्याची बाटली. माझ्यासाठी. आत टोबी, हातात चेंडू घेऊन. कॅमेरावाला तयार.

मातेओ आत नाही. दारात उभा आहे, पायाने दार उघडं धरून. रॅकेटवर चेंडू उडवतोय. कॅमेरावाला बोलावतोय, हा बघत नाही. क्लबचा मॅनेजर घड्याळ दाखवतोय, तरी नाही. शहाणा असता तर आत गेला असता. करार त्याचा, व्हिसा त्याचा.

मॅ.नी मला बघितलं. हात करतायत. खुर्चीकडे.

नवरोबा पुढे बघत म्हणाले, "जा की."

डावा बूट चावतोय. लेस पुन्हा बांधते आणि उतरते.