शंभराव्या दिवसाचा वस्तरा

प्रिय दादा,

बाबांनी तुला फ्रेंचांच्या शाळेत आणि मला इंग्रजांच्या शाळेत का घातलं? परवापासून हेच डोक्यात आहे. विचारलं की ते हसायचे, "बेटावर साहेब दोन, मग घरात कानही दोन हवेत." कुठलाही साहेब टिकला तरी आपलं एक पोर त्याच्याजवळ असेल, एवढाच त्यांचा हिशोब. दोन्ही साहेब गेले. स्वातंत्र्य मिळून आपलं निशाण चढलं तेव्हा मी आनंदाने रडले आणि तू नव्या सरकारविरुद्ध फ्रेंच मळेवाल्यांच्या बंडात होतास. बंड मोडलं, तू समुद्रापलीकडे, फ्रेंचांच्या नूमेआला निघून गेलास. मी घरातली पहिली पदवीधर म्हणून सरकारच्या परराष्ट्र खात्यात लागले. गेल्याच आठवड्यात दोन नव्या देशांना मैत्रीची पत्रं माझ्या हातून गेली. सख्ख्या भावाला मात्र एक तार धड पाठवता आली नाही.

परवा तुझं पत्र आलं, फ्रेंचमध्ये. मिशनमधल्या सिस्टर क्लोतिल्दकडून वाचून घेतलं. बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली आहेस. पुढे लिहितोस की एप्रिलमध्ये सरकारचा इंग्रजी कागद आला, बंडाचीच चौकशी असणार म्हणून कुणाला न दाखवता चुलीत घातला. सिस्टर वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाचा.

दादा, तो कागद म्हणजे माझी तार होती. ऑफिसातून पाठवलेली, सवयीने इंग्रजीत, खाली खात्याचं नाव. त्यात लिहिलं होतं, बाबा गेले. तीन महिने मला वाटत होतं, तू मुद्दामच येत नाहीस. मला अजून रडू आलेलं नाही. सुतकाच्या चटया विणल्या, दर दहाव्या दिवशीच्या जेवणाला कंद किसून लापलाप भाजला, भांडी घासली. आज आपल्या बिस्लामा भाषेत लिहितेय, जी शाळेत बोललो म्हणून तुझ्या मास्तरांनी तुला आणि माझ्या बाईंनी मला छड्या मारल्या.

काल बाबांचा शंभरावा दिवस होता, सुतक फिटायचा. सगळे पुरुष बाबा गेल्यापासून वाढवलेल्या दाढ्या घेऊन अंगणात बसले होते. पहिली दाढी थोरल्या मुलाची काढायची, मग इतरांची. कालो काका म्हणाले, "एमिल काही येत नाही. आण गं तो वस्तरा, खाजून खाजून जीव गेला!" मी वस्तरा उचलला, पेटीत ठेवला, कुलूप लावलं. म्हटलं, दादाला अजून कळलेलंच नाही, त्याचा पहिला दिवसही उजाडलेला नाही. काका ओरडले, "पदवी घेतलीस म्हणून मेलेल्याचे दिवसही आता तूच मोजणार?" पण दाढी कुणी केली नाही. शंभराव्याच्या जेवणासाठी आणलेलं डुक्कर पुन्हा खुंटाला बांधलंय. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

तुझीच,
लेइमासा