चांगल्या घराण्याची साक्ष

३ मे, सकाळ

गालो आठ वर्षांचा असताना आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून उकडलेल्या मक्याची सालं काढत होतो. मधे परात, रेडिओवर कुठलीशी श्रुतिका, थंडीने त्याची बोटं लाल. दोन दाणे सोलले की तिसरा तोंडात. मी रागावले तर म्हणाला, आई, कच्चे राहिलेत का ते बघतोय. पुढे काहीच घडलं नाही. पाऊस आला, आम्ही परात आत घेतली. एवढंच. पण आज सकाळपासून तीच पायरी डोळ्यांपुढे येते आहे, कारण मघाशी कोर्टाचा माणूस दारावर नोटीस देऊन गेला.

नूबेने दावा लावलाय. गालोची बायको, वेगळी राहते. त्यांच्या मुलीच्या, डोमेनिकाच्या खर्चासाठी गालोने दरमहा पैसे द्यावेत म्हणून. तो घाटाखाली, समुद्रकाठच्या ग्वायाकिलला असतो, पण कागदोपत्री त्याचा पत्ता अजून आमचाच, इथला कुएन्काचा. मला ते बरं वाटलं. घर सोडलेला मुलगा पत्ता सोडत नाही.

ठराव. चिडायचं नाही. येत्या रविवारच्या आत घरातलं घरात मिटवायचं. कुणाजवळ बोलायचं नाही.

संध्याकाळ

रोसालियाला सांगितलं. ती कुणी परकी नाही, शाळेपासूनची. म्हणाली, अगं मेलानिया, त्या पोरीने चार वर्षं वाट पाहिली हेच नवल. मी तिला दुसरा कप कॉफी विचारली नाही.

५ मे

गालोला फोन लागला. आवाज छान, मागे संगीत. म्हणाला, आई, तू कशाला जीव जाळतेस, मी येतो ना सुनावणीला. काळे बूट पाठव फक्त, कोर्टात चपला घालून कसा येऊ? किती समज आहे! दुपारीच बूट पॉलिश करून बसच्या पार्सलने पाठवले. बसस्टँडचा जिना आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, फार उंच केलाय.

मुलीबद्दल विचारणार होता, पण फोन कट झाला. तिकडे रेंज नसते.

९ मे

युनिव्हर्सिटीच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले. नूबेची केस तिथल्या डॉक्टोरा पेसांतेस चालवतात. आमच्याकडे वकिलांना डॉक्टरच म्हणतात, आणि त्याही तपासल्यासारखंच बघतात. मला वाटलं होतं, दारावर नाव सांगितलं की आत बोलावतील. दारावरची मुलगी म्हणाली, नंबर घ्या, आज्जी.

बाकावर बसले. सगळ्या बायाच, मांडीवर पोरं. एक म्हणाली, माझा नवरा नोटीस आली की मरतो, बाई. आतापर्यंत तीनदा मेलाय. सगळ्या हसल्या. मीही हसले, मग आठवलं की मी वेगळ्या कामाने आले आहे.

पाकातले अंजीर आणि चीज नेलं होतं. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायची आमच्याकडे रीत नाही. डॉक्टोरा म्हणाल्या, बाई, हे मला घेता येणार नाही. मी नूबेची वकील आहे. तुम्ही स्वतःचा वकील करा. ऐपत नसेल तर सरकारी वकील फुकट मिळतो, पलीकडच्या इमारतीत. मी म्हटलं, मला कशाला वकील? त्यांनी हळू आवाजात, शाळेत गणित समजावतात तसं समजावलं. बाप आला नाही, सापडला नाही किंवा त्याला झेपलं नाही, तर मुलाचा खर्च कायद्याने आजी-आजोबांवर येतो. तुमचंही नाव दाव्यात आहे.

बाई हुशार आहेत, पण गालोला ओळखत नाहीत. तो येणार म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप गळतं. वकील वगैरे नको.

अंजीर बाकावरच्या बायांनी खाल्ले. तीनदा मेलेल्याच्या बायकोने ताट धुऊन परत दिलं.

१४ मे

नूबेकडे, मंडईत. तिचा रसाचा गाळा मधल्या ओळीत. मिक्सर चालू असताना बोलता येत नाही, आणि मिक्सर सारखा चालू. मी म्हटलं, नूबे, घरातली भांडणं आपण घरात मिटवू. ती म्हणाली, बसा आई, आधी रस घ्या. कुठलं घर? मी तुमच्या घरी लग्न होऊन आले तेव्हाही तुम्ही मला मागच्या दाराने आत घेतलं होतं.

पुढच्या दाराला तेव्हा रंग दिला होता. मी सांगितलं तिला. म्हणाली, हो आई, सहा महिने वाळत होता.

मग मिक्सर बंद करून बोलली. डोमेनिकाला दमा आहे. आपल्या या डोंगरातल्या थंडीत एक पंप महिनाभर पुरत नाही. मागच्या महिन्यात तिने पोरीला सांगितलं, दोनदा ओढायचं तिथे एकदा ओढ. हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, संत्री पुसत राहिली. म्हणाली, तुमचं नाव घालायला मी दोनदा नको म्हटलं. डॉक्टोरा म्हणाल्या, नाहीतर पोरीच्या हाती कागदच येईल नुसता.

मी म्हटलं, नाव घातलंस ते बरंच केलंस. चांगल्या घराण्याचं नाव असलं की कागदाला वजन येतं.

ती बघतच राहिली माझ्याकडे. तिलाही ते पटलं असावं.

रसाचे पैसे घेतले नाहीत.

१९ मे, रविवार

डोमेनिका आली. दर रविवारी पियानो. डाव्या हाताला अजून ऐकू येत नाही, पण उजवा गोड आहे. शिट्टीसारखा श्वास चालला होता, म्हणून आम्ही सावकाश वाजवलं. मधेच विचारलं, आज्जी, पप्पा येणार कोर्टात? मी म्हटलं, येणार, काळे बूट घालून. म्हणाली, मग मी आले तर चालेल? लांबूनच बघेन.

हो म्हटलं. सांगून टाकलं आता.

२६ मे

गालोचा फोन. ट्रकची फार गडबड आहे. ट्रक तसा त्याच्या मित्राचा, पण चालवतो तोच, म्हणजे त्याचाच. म्हणाला, मी सकाळच्या बसने पोचतो. उशीर झालाच तर तू बोलायला सुरुवात कर. तू बोललीस की जज ऐकतोच, आई. फ्रेंचच्या बाईंपुढे कुणाची हिंमत आहे?

अख्खं आयुष्य मुलींना फ्रेंच शिकवलं, त्याचा एवढा मान कुणी ठेवला नव्हता. भाषण लिहायला घेतलं.

ठराव: भाषण छोटं ठेवायचं.

२ जून

भाषण नऊ पानी. रोसालियाला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिने डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाली, मेलानिया, हात जोडते, वकील कर. आणि तिथे तोंड उघडू नकोस. विचारलंच तर सांग, पेन्शन तुटपुंजी, गुडघे गेलेत, घर गळतंय. सगळं खरंच तर आहे!

मी म्हटलं, शाळेत मदर बेर्नार्दांनी आपल्याला काय शिकवलं? घरातली तंगी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. ती म्हणाली, मदर बेर्नार्दा मठात राहायच्या बाई, तिथे जेवण घंटा वाजली की मिळायचं.

१० जून, रात्री

सुनावणी झाली. थकले आहे, पण लिहून ठेवते.

लवकर गेले. करड्या रंगाचा सूट, आईचे मोती. कोर्टाच्या व्हरांड्यात बाप मंडळी उभी होती, आणि काय तो अवतार! विटके शर्ट, उसवलेल्या कॉलर, एकाच्या बुटातून अंगठा बाहेर. मी हळहळले. शेजारचा शिपाई हसला. म्हणाला, बाई, हे इथले कपडे आहेत. बघा, तो आत्ता बाथरूममध्ये इस्त्रीचा शर्ट काढून हा घालून आला. जजसमोर जो तो हमाल असतो, बाहेर पडला की मालक.

मला शरम वाटली त्यांची. पोटच्या पोरांसमोर भिकारी व्हायचं! मनाशी ठरवलं, आमच्या घराण्यातून असा देखावा होणार नाही.

डोमेनिका बाकावर, शाळेच्या गणवेशात, जिन्याकडे तोंड करून. प्रत्येक बूट वाजला की मान उंच करायची.

गालो आला नाही. फोन बंद. घाटात दरड कोसळली असणार, पावसाळ्यात कोसळतेच. आमच्याकडे जून कोरडा असतो, पण दरडीला काय कळतं.

आत जज विशीतली वाटली, असेल पस्तिशीची. विचारलं, वकील? मी म्हटलं, गरज नाही. म्हणाली, सरकारी वकील मिळेल, तारीख पुढे घेऊ? मी म्हटलं, पुढे ढकलावं असं माझ्याकडे काहीच नाही. मग विचारलं, मुलगा काय करतो? मी उभी राहिले. पानं काढायची गरजच पडली नाही. म्हटलं, न्यायाधीश बाई, बाहेर उभे आहेत त्यातला माझा मुलगा नव्हे. त्याचा वाहतुकीचा व्यवसाय आहे. ट्रक? दोन. कोळंबीची निर्यात. (एकदा नेली होती.) डॉक्टोरा पेसांतेस यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना काही विचारावंच लागलं नाही. उलट त्याच म्हणाल्या, बाई, तुम्हाला खरंच वकील नको? केवढा आदर!

मग माझ्याबद्दल. घर स्वतःचं? तीन पिढ्यांचं. गळतं का, असं कुणी विचारलं नाही. उत्पन्न? पेन्शन, आणि खालच्या दोन खोल्या डेंटिस्टला भाड्याने. डेंटिस्ट फेब्रुवारीतच गेला, पण तो खुर्ची-कवळ्या घेऊन कसा गेला ते सांगून सगळ्यांचा वेळ कशाला घ्यायचा. देवाच्या दयेने आमच्या घरात कुणी कधी हात पसरला नाही, असं मी म्हटलं. आवाज छान लागला होता.

नूबे हळूच म्हणाली, आई, पुरे आता.

जजने सगळं लिहून घेतलं. निकाल लगेच दिला. बाप गैरहजर, ठावठिकाणा नाही, सबब खर्च आजीने द्यायचा. रक्कम तिने माझ्याच शब्दांवरून काढली. ऐकून मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. अशा ऐपतीच्या बाईने एवढं द्यायलाच हवं, मलाही पटलं.

सही केली. अक्षर सुरेख आलं.

बाहेर डोमेनिका जिन्याकडेच बघत होती. माझा हात धरून म्हणाली, आज्जी, तुझे बूट पण छान आहेत.

१२ जून

रोसालिया येऊन गेली. हसणार म्हणून मी तयारीत होते. हसली नाही. जाताना अंड्यांची टोपली टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, ऐपतवाल्या बाईला कशाला द्यावीत, पण घे. हे हसण्याहून वाईट.

ठराव: वरच्या वर्गाच्या शिकवण्या सुरू करणार. फ्रेंचला पुन्हा दिवस येतील.

१७ जून

गालोचा फोन. मी दरडीचं विचारलं. म्हणाला, कसली दरड? मग म्हणाला, हां, दरड. पुढे म्हणाला, आई, ऐकलं मी, मिटवलंस ना सगळं! मला माहीत होतं, तू बरोबर करशील. आता कोर्ट माझ्या मागे लागत नाही म्हणे.

मी सांगितलं, पोर जिन्याकडे बघत होती रे. तो म्हणाला, माझ्याकडून पापा दे तिला. मागे संगीत होतं.

या वेळी रेंज चांगली होती. शब्द न् शब्द ऐकू आला.

१९ जून

फ्रेंचला एकही विद्यार्थी नाही. काल रात्री झोप लागली नाही म्हणून बसून विचार केला. माझं वय झालंय, आणि पोरगी अजून लहान आहे. माझ्या मागे गोंधळ नको. कुणाला काय, ते लिहून ठेवते.

पेन्शन हातात आली की त्याच दिवशी नूबेला. आधी तिला, मग वाणी, मग वीज. मी नसले तर घर विकावं, पण डोमेनिका मोठी होईपर्यंत विकू नये.

खालच्या दोन खोल्या नूबेला, भाडं नको. फळांची खोकी ठेवायला मंडईत जागा पुरत नाही म्हणत होती. राहायची इच्छा असेल तर राहावं. यायचं पुढच्या दाराने.

पियानो डोमेनिकाला. गालोची खोलीही तिलाच, तिकडे ऊन येतं, छातीला बरं.

आईचे मोती उद्या सोनाराकडे. पंपांचे पैसे थेट औषधवाल्याकडे आगाऊ भरावेत, म्हणजे दोनदा ओढायचं ते दोनदाच ओढेल.

काळी शाल रोसालियाला. कसर लागली आहे, पण ती कधीपासून मागते.

भाषणाची नऊ पानं चुलीला.

घराची दुसरी किल्ली गालोला. नाही. किल्लीही डोमेनिकाला. गालो आला तर त्याने बेल वाजवावी. मी वर असते, उतरायला वेळ लागतो. त्याने थांबावं.