चिवड्याच्या डब्याची नोंद

धायरी, पुणे ४१
६ जानेवारी २००२

ती. मंदाताईस दशरथचा सप्रेम जयभीम.

वि. वि. आम्ही तिघं बरे आहोत. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझे आकडे चुकतात, म्हणून लिहितो.

डॉक्टर म्हणाले, साखर उंबरठ्यावर आहे. मार्चपर्यंत वजन उतरवा, नाहीतर गोळ्या, त्याही जन्मभराच्या. आपल्या लेकीनं, निकितानं, तिच्या कंपनीतून इंटरनेटवरचा आहाराचा तक्ता छापून आणला. त्यात भाकरीच नाही. म्हणून तक्ता मीच केला. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो, तेही आयटीआयचं तोंड न बघता. माणसानं स्वेच्छानिवृत्ती घेतली म्हणून डोळा निवृत्त होत नाही. भाकरी पंच्याऐंशी ग्रॅम, जाडी व्हर्नियरनं मोजून तीन मिलिमीटर. नापास भाकरी मी परत पाठवतो. राधा विचारते, परत म्हणजे कुठे, गिरणीत?

तिला तक्ता लागत नाही. माझं झाल्यावर ती जेवते, तिचं भागतं.

अडचण अशी, की महिनाभर एक घास जास्त घेतला नाही, तरी वजन सव्वा किलो वाढलं. काटा दोनदा तपासला. काटा बरोबर आहे. तुला काही सुचतं का?

लोभ आहेच; तो तरी मोजून पाठवू नकोस.

तुझा,
दशरथ

धायरी
१८ जानेवारी २००२

ती. मंदाताईंना राधाचा जयभीम.

तुम्ही गुपचूप विचारलंत, म्हणून गुपचूप कळवते. एक घास जास्त घेतला नाही हे खरं आहे. बसून नाही घेतला. हे ताटाकडे बघून जेवतात कुठे, वहीकडे बघून जेवतात. उठले की तासाभरात पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात येतात. उभ्यानं खाल्लेलं वहीत येत नाही. चिवड्याच्या डब्याचं झाकण इतकं हळू उघडतात, की मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.

मग मीही त्यांचाच भाकरी तोलायचा काटा घेतला. रोज सकाळी डबा त्यावर ठेवते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. ह्यांना वाटतं गॅसचा नंबर. आठवड्यात अकराशे पन्नास ग्रॅम चिवडा गेला, ताई.

हसू येतं आणि भीतीही वाटते. गोळ्या लागल्या तर हे कायमचे धास्तावतील. तुमचं ऐकतात, दोन शब्द लिहा. माझं नाव मात्र घेऊ नका.

आशीर्वाद राहू द्यावा.

तुमची,
राधा

अमरावती
२७ जानेवारी २००२

चि. दशरथला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा काटा बरोबर आहे, फक्त डब्यापर्यंत पोचलेला नाही. एका आठवड्यात अकराशे पन्नास ग्रॅम चिवडा कुठे गेला? मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्या घरात दुसरं कुणी वजन करत असेल, असं तुझ्या मनातही येणार नाही.

लहानपणी तू अंबाडीच्या भाजीवर कच्चं तेल घालून दीड भाकरी खायचास, हात धुवायचास, आणि दिवेलागणीपर्यंत चुलीकडे फिरकत नव्हतास. तेव्हा कोण मोजत होतं? माझा चेतन सोमवारी वाघोलीला कामावर परततोय, त्याच्याजवळ वाळवलेली अंबाडी पाठवते.

एक काम सांगते, त्याला व्हर्नियर लागत नाही. वही कपाटात ठेव. गरम गरम जेव आणि प्रत्येक घासाची चव तपास. पहिल्या घासाची गोडी लागेनाशी झाली की थांब, ताटात उरलं तरी. तुला जमणार नाही म्हणा. हातात उपकरण नसलं की तू कसला तपासनीस.

राधाला सांभाळ, आणि माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
ताई

धायरी, पुणे ४१
१० मार्च २००२

ती. मंदाताईस सप्रेम जयभीम.

वि. वि. उपकरणाशिवायचं काम केलं. पहिल्या दिवशी दोन भाकऱ्या घेतल्या. दुसरीच्या अर्ध्यावर अंबाडी नुसतीच आंबट लागायला लागली. तेल होतं, लसूण होता, गोडी गेली होती. थांबलो. दुपारी पाणी प्यायला गेलो आणि पाणीच पिऊन आलो. परवा साखर तपासली. गोळ्या सध्या नकोत, असं डॉक्टर म्हणाले.

आता मुद्दा. कॅलेंडरवरचे आकडे तुझं पत्र वाचल्यावर अर्ध्या तासात सापडले. गॅसचा नंबर रोज कमी होत नाही. महिनाभर मी डब्याला हात लावला नाही, तरी आकडे उतरतातच, रोज ऐंशी-नव्वद ग्रॅम. निकिता दिवसभर कंपनीत. म्हणजे त्या अकराशे पन्नासांतला निम्मा चिवडा माझा नव्हता, आणि नोंद करणाऱ्यानं सगळा माझ्या नावावर टाकला होता.

जाब विचारायला स्वयंपाकघरात गेलो. राधा ओट्याशी उभी होती. ताटलीत माझी उरलेली अर्धी भाकरी, त्यावर चिवडा. हे काय, विचारलं. म्हणाली, गार भाकरी घशाखाली उतरायला काहीतरी लागतं. कधीपासून, विचारलं. लग्न झाल्यापासून, म्हणाली, आणि हिवाळाभर तुमच्या नापास भाकऱ्याही मीच संपवल्या. परत पाठवलेला माल जातो कुठे, हे मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यात तपासलं, ताई. घरात एकदाही नाही.

काल तिला आधी बसवलं. भाकऱ्या मी थापल्या. एकही गोल झाली नाही. तिनं पहिली उलटीपालटी करून पाहिली आणि नापास केली. मग वाफ निघत होती तोवर तीच संपवली. दुसरी मागितली. ती अर्धी झाल्यावर हात थांबला आणि म्हणाली, पुरे. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

उरलेली अर्धी मी उभ्यानं खाल्ली. गार भाकरीला चिवडा लागतोच. खात्री करून घेतली.

लोभ असाच सैल हातानं घालत जावा.

तुझा,
दशरथ