तू दाराबाहेर का थांबायचीस?

प्रिय मंगल,

तुझा वर्ग मला दिलाय. जूनपासून पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. तुला कळवायला उशीर झाला, कारण कळवावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

सातवीला गणित शिकवणारा माणूस तुझ्या बारक्यांच्या सतरंजीपुढे उभा! हसतेस ना?

दर रविवारी टाचण काढतो. उद्दिष्ट, साहित्य, कृती, कोणता प्रश्न कधी विचारायचा, सगळं. पण वर्गात गेलो की पोरं माझ्याकडे बँकेतल्या साहेबाकडे बघावं तशी बघतात. टाचण तूही काढायचीस. मग घंटा झाल्यावर दाराबाहेर भिंतीला टेकून उभी का राहायचीस? आणि आत जाऊन टाचणातलं सोडून भलतंच का सुरू करायचीस?

मी सातवीच्या खिडकीतून ओरडायचो, "अगं, घंटा झाली!"

"थांबा हो जरा, ऐकून राह्यले."

काय ऐकायचीस? मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. एका ताटात जेवणाऱ्या माणसापासून एवढं लपवायचं असतं का गं?

आरोही आठवते? तुझा पदर धरून फिरायची ती. आता दुसरीत आहे. तू देवाघरी गेल्यापासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. सोमवारी तिचे वडील आले होते. "सर, राग धरू नका. पोरगी घरी बोलती, इथं बिलकुल न्हाई. भोकरदनच्या शाळेत टाकतो तिला."  शनिवारपर्यंत थांबा, एवढंच मी म्हणालो.

मंगळवारी तुझ्यासारखा दाराबाहेर थांबून पाहिलं. "सर आले रे!" आणि सगळं चिडीचूप. माझ्या बुटांच्या टकटकीची कीर्ती तेवढी कळली.

आज शनिवार. रेणुकाईच्या देवळाच्या पायरीपाशी काढतो तसे बूट लांबच काढले आणि भिंतीला टेकलो.

आतून आवाज आला. "ए बाळ्या, इकडं बघ! काड्या कमी पडल्या तं कुठं जायचं?"

"शेजारणीकडं!"

"शेजारीण काय देती?"

"आख्खा दहाचा गठ्ठा!"

"मंग रडतो कशाला? सोड गठ्ठा!"

आरोही होती, मंगल! आवाज तिचा, बोलणं सगळं तुझं. गेल्या वर्षी पहिलीच्या रांगेत बसून तिनं दुसरीवाल्यांची वजाबाकी ऐकून ठेवली होती. आणि मी आठवडाभर फळ्यावर दशकाकडून उसने घेत होतो, एकाही पोराला ते कळलं नव्हतं.

मी आत गेलो. तिच्या हातातला खडू पडला.  माझे पाय सवयीनं खुर्चीकडे निघाले होते. ते कुणी वळवले, देवीलाच ठाऊक. शेवटच्या रांगेत बाळ्याशेजारी जाऊन बसलो.

"बाई, मला न्हाई कळलं. गठ्ठा दिल्यावर शेजारणीकडं किती राहिले?"

बाळ्या फिसकन हसला.  आता आरोही रडते की पळते, असं मला झालं.

"सर, पहिले मांडी घाला बराबर."

घातली. मग तिनं मला शिकवलं, दोनदा चुका काढल्या आणि एकदा रागावलीसुद्धा!

शाळा सुटायच्या वेळी तिचे वडील येऊन खिडकीशी उभे होते. "सर, हिला बोलतं कसं केलं?"

"मलाबी न्हाई माहीत," मी म्हणालो.

 "दिवाळीपर्यंत राहू द्या मंग. पुढचं पुढं बघू."

आता तूच सांग. तू ऐकायचीस ते हेच का? पोरं कुठं अडली आहेत ते ऐकून तिथूनच धडा धरायचीस? की आज कोण गप्प आहे, तिकडे कान असायचा? तुझ्या वेळीही ही पोरं 'बाई-बाई' खेळायची का? स्वतःची नक्कल ऐकून तू बाहेर एकटीच हसायचीस का गं?

शब्द देतो, मंगल. दिवाळीनंतर आरोही राहो न राहो, तोवर रोज तिला एक तरी प्रश्न विचारीन, ज्याचं उत्तर मला खरोखर माहीत नाही. सोमवारचा ठरलाय. बाई तुम्हाला काय काय सांगायच्या, ते विचारणार आहे.

तुझाच,
दत्ता