ब्लाउज बेतायची घाई नको

चि. धाकटीस,
रागावलेली असलीस तरी आशीर्वाद घे.

स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया पार पडली. मी घरात हिंडते, लेकीच्या कामात चुका काढते, म्हणजे बरी आहे.

"या वयात ही कसली हौस?" हे तुझ्या यजमानांचं वाक्य पोचलं. पित्ताशय काढलं असतं, तर हेच गृहस्थ संत्री घेऊन आले असते. त्यांना सांग, नोकरीभर मान आणि पाठ माझी दुखली, त्यांची नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की व्रण राहतील, दोन्ही बाजू हुबेहूब होणार नाहीत आणि बधिरपणा कदाचित कायमचा राहील. डावीकडची जखम अजून ओलसर आहे. असं होतं कधीकधी, भरेल, असं त्या म्हणतात. मी विश्वास ठेवते. दिवसा तरी.

खांद्यांवरचे ब्राच्या पट्ट्यांचे वळ तसेच आहेत. मान मात्र हलकी झाली. शाळेत सिस्टर पाठीला फूटपट्टी लावून "सरळ उभी राहा" म्हणायच्या, आठवतं? काल आरशासमोर मी कुणी न सांगता सरळ उभी होते.

तुझा गुडघा कसा आहे? माझे ब्लाउज जन्मभर तूच शिवलेस, म्हणून सांगते, इतक्यात काही बेतू नकोस. सूज उतरायला काही महिने लागतील. मग माप घ्यायला तू स्वतः ये.

यजमानांनाही आण. संत्री त्यांच्याकडेच दे.

तुझी,
ताठ मानेची ताई